फोमच्या बोलक्या बाहुल्या: तुकडे जोडताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तोंड उघडमीट करणारी फोमची बाहुली टिकणार की उकलणार, हे तिच्या जोडांवर ठरतं. डोळे, केस, कपडे नंतर कधीही बदलता येतात. डोक्याच्या आतला जोड मात्र एकदा कापड चढलं की हाताला लागत नाही. शाळांमधले शिक्षक, बालनाट्याची मंडळी आणि घरी मुलांसाठी बाहुली करायला बसलेले पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जोड फोमइतकाच लवचीक असला पाहिजे.

बाहुलीसाठी फोमच का?

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या लाकडी असतात. त्या दोऱ्यांवर नाचतात, त्यांना वजन लागतं. हात आत घालून बोलवायच्या बाहुलीचं गणित उलटं आहे. ती तासभर डोक्याच्या वर धरायची असते, म्हणून हलकी हवी, आणि तोंड मिटताना ओठांनी थोडं दबायला हवं. 'मपेट्स' या बोलक्या बाहुल्यांचे अमेरिकी निर्माते जिम हेन्सन यांनी १९५५ साली केलेला पहिला कर्मिट, म्हणजे त्यांची सगळ्यात गाजलेली बाहुली, आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा होता. फोम पुढे रुळला, तो याच हलकेपणामुळे आणि लवचीकपणामुळे.

कोणता फोम घ्यायचा?

गाद्या आणि सोफ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो तो पीयू फोम, म्हणजे आपण ज्याला सरसकट स्पंज म्हणतो तो. डोक्यासाठी १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाची शीट बहुतेक वेळा पुरते. दुकानदार तुम्हाला डेन्सिटी विचारेल. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती जास्त असली म्हणजे फोम कडकच असेल असं नाही, म्हणून आकड्यावर जाऊ नका; कोपरा मुठीत दाबा आणि सोडा. लगेच मूळ आकारात आला, चुरा पडला नाही आणि दोन बोटांत सहज वाकला तर घ्या. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे दाबून बनवलेला रिबॉण्डेड फोम गादीसाठी चांगला असतो, बाहुलीसाठी नाही. तो जड असतो आणि कापताना कडा फाटते.

चिकटवायला नेमकं काय वापरायचं?

कॉन्टॅक्ट अॅढेसिव्ह. फोम, रेक्झिन आणि सनमायका चिकटवायला सुतार आणि सोफेवाले वापरतात तोच पिवळसर, उग्र वासाचा गोंद. फेव्हिकॉल एसआर ९९८ हे त्यातलं आपल्याकडे सहज मिळणारं नाव. यात सिंथेटिक रबर द्रावकात विरघळवलेलं असतं. द्रावक उडून गेला की मागे उरतो तो रबराचा पातळ थर, आणि तो वाकतो. फोम वाकला की जोडही वाकतो. बाहुलीच्या गालावर हजारदा घडी पडणार असते, तेव्हा हीच गोष्ट कामाला येते.

हा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, वाळू द्यायचा आणि मगच जोडायचा. नवशिक्यांना पटायला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच. सायकलचं पंक्चर काढताना पाहा: कारागीर ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो, थांबतो, ओलेपणा गेला की पॅच ठेवतो आणि मग ठोकतो. पद्धत तीच. ओले असताना दोन तुकडे एकमेकांवर दाबले तर आतला द्रावक बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि जोड दुसऱ्या दिवशीही चिकचिकीत राहतो. दोन्ही थर वाळलेले असले तर रबर रबराला भिडताक्षणी धरतं.

पांढरा फेव्हिकॉल का नको? घरात असतोच.

तो पाण्यातला गोंद आहे आणि लाकूड-कागदासाठी उत्तम आहे. पीयू फोमच्या छिद्रांत तो शोषला जातो, सावकाश वाळतो आणि वाळल्यावर कडक होतो. बाहुलीने तोंड उघडलं की ती कडक रेघ कुरकुरते आणि तिच्या शेजारचा फोम फाटतो. थर्माकोलसाठी मात्र तोच वापरा. त्याबद्दल पुढे आहेच.

ग्लू गनने पटकन होत नाही का?

होतं, आणि घाईच्या कामात मीही ती हातात घेते: नाक बसवणं, कान तात्पुरता धरून पाहणं, आतल्या बाजूला बोटांचा पट्टा टाचणं. डोक्याच्या मुख्य जोडांसाठी मात्र ती वापरू नका. गरम गोंद थंड झाला की जाड कणी तयार होते, ती कापडातून हाताला लागते आणि प्रकाश बाजूने पडला की दिसतेही. शिवाय तो उष्णतेने पुन्हा मऊ होतो. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बाहुल्यांची पेटी असेल, तर प्रयोगाच्या ठिकाणी पोचेपर्यंत जोड सरकलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात दौरे करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

फेव्हिक्विक?

नको. फोममध्ये झिरपून काचेसारखा कडक होतो. सुती कापडाला किंवा कापसाला लागला तर एकदम तापतो, हात भाजू शकतो.

जोड चांगला यायला आधी काय करावं लागतं?

सरळ कापावं लागतं. माझ्या मते अर्धा जोड कापतानाच तयार होतो, आणि गोंदाला दिला जाणारा बराचसा दोष खरं तर बोथट पात्याचा असतो. मोडत जाणारं पातं असलेला कटर घ्या आणि पात्याचा पुढचा तुकडा कंजूषी न करता मोडत राहा. पातं फोमला उभं ९० अंशांत धरा. एकाच दमात खोल कापायचा हट्ट नको. लांब, हलके दोन-तीन हात मारा. फोम दाबून कापला तर कापताना कड सरळ दिसते आणि हात काढला की आत वळलेली निघते. कात्री हेच करते, म्हणून ती जाड फोमला टाळावी.

नमुन्याचे कागद मांडून पेनाने आखताना जोडाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आडव्या खुणा करा, साधारण दर ३ सेंटिमीटरला एक. शिंपी बाही बसवताना खुणा जुळवतात, तेच काम. या खुणा नसतील तर वळणदार जोडाच्या शेवटी एक बाजू उरते आणि मग लोक ती ओढून बसवतात. ओढून बसवलेला जोड सतत ताणात राहतो आणि पहिल्यांदा तोच सुटतो.

गोल डोक्याला पट्टी किती लांब कापायची?

इथे जवळजवळ सगळ्यांचा हिशेब चुकतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. समजा डोक्याचा बाहेरचा व्यास १५ सेंटिमीटर हवा आहे. परीघ ४७ सेंटिमीटर येतो म्हणून लोक ४७ सेंटिमीटरची पट्टी कापतात आणि डोकं सेंटिमीटरभर मोठं होतं. फोम वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते; न ताणली, न दबली अशी जागा मधोमध असते. १२ मिलिमीटर फोमसाठी मधला व्यास १३.८ सेंटिमीटर, म्हणजे पट्टी साधारण ४३ ते ४४ सेंटिमीटर. फोम जाड असेल तर हा फरक वाढत जातो. टोपी, कॉलर, गळा यांची मापं आधीच घेऊन ठेवली असतील, तर हा सेंटिमीटर फार महागात पडतो.

गोंद लावायची रीत काय?

छोट्या वाटीत लागेल तेवढाच काढा आणि डबा लगेच बंद करा. ब्रशपेक्षा आइस्क्रीमची चपटी काडी किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी बरी. ब्रश दोन दिवसांत वाया जातो. फक्त कापलेल्या कडेवर लावा. फोमच्या वरच्या पृष्ठभागावर ओघळ येऊ देऊ नका, कारण तिथे सांडलेला गोंद वाळून जी साय धरतो ती पुढे कापडाखाली जाणवते. विशेषतः बाहेरच्या धारेपासून एक-दोन मिलिमीटर आतच थांबा.

फोम सच्छिद्र असतो, पहिला हात पिऊन टाकतो. म्हणून पहिला पातळ हात द्या, तो वाळला की दुसरा पातळ हात. एकच जाड थर दिला तर तो वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. दुसरा हात वाळल्यावर खुणा जुळवून जोडा आणि जोडाच्या पूर्ण लांबीवर बोटांच्या चिमटीत घट्ट दाबत जा. इथे दाब महत्त्वाचा, किती वेळ धरून ठेवलं हे नाही. क्लिप, रबरबँड, वजन यांची गरज नाही. चोवीस तास तरी तो जोड जोराने ताणू नका. धरतो लगेच, पण पूर्ण ताकद हळूहळू येते.

किती वेळ वाळू द्यायचं?

साधारण १० ते १५ मिनिटं. डब्यावर लिहिलेली वेळ आधी वाचा. पण घड्याळापेक्षा बोट खरं. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा. किंचित धरल्यासारखं वाटलं पण गोंद बोटाबरोबर उचलून आला नाही, तर वेळ झाली. तार सुटली तर थांबा.

पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, वेळ वाढतो आणि आणखी एक घोळ होतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपात जमते. थर पांढुरका, निस्तेज दिसला तर हेच झालंय असं समजा. असा थर नीट धरत नाही. ते पाणी पूर्ण उडू द्या, मग वर एक पातळ ताजा हात देऊन पुन्हा वाळवा. पंखा तुकड्यांवर थेट रोखू नका, पण खोलीतली हवा हलती ठेवा.

उलट, फोन आला, जेवण झालं आणि तासभर गेला, तर थर मेल्यासारखा होतो. तेव्हाही दोन्हीकडे एक पातळ ताजा हात द्या. काही जण हेअर ड्रायरने गरम करतात; द्रावकाची वाफ आणि तापलेली तार एका जागी आणू नये असं माझं ठाम मत आहे.

व्ही आकाराचे काप बंद करताना टोकाशी बोंड येतं. काय करायचं?

सपाट शीटला गोलाई द्यायची तर डोक्याच्या वरच्या भागात पाकळ्यांसारखे काप घ्यावे लागतात. काप बंद करताना नेहमी टोकापासून, म्हणजे जिथे काप संपतो तिथून सुरुवात करा आणि उघड्या बाजूकडे या. उलट केलं तर उरलेला सगळा फोम टोकाशी गोळा होतो. टोक अगदी अणकुचीदार न ठेवता शेवटच्या सेंटिमीटरमध्ये काप हलकेच वळवत मिटवला तर बोंड जवळजवळ येत नाही. तरीही उंचवटा राहिला तर पूर्ण वाळल्यावर धारदार बारीक कात्रीने पातळ पापुद्रे काढत सपाट करा.

दोन समोरासमोरचे काप आधी मिटवा, मग त्यांच्या मधले. एका बाजूने गोल फिरत गेलात तर डोकं तिरकं होतं. अंतर्वक्र कड बहिर्वक्र कडेला जोडायची असेल, जसं गालाखाली हनुवटीशी येतं, तर आधी दोन्ही टोकं आणि मधली खूण टाचून घ्या आणि राहिलेला फरक दोन्ही भागांत वाटून टाका.

वाकडं चिकटलं. सोडवता येईल?

पहिल्या काही क्षणांत, सावकाश, एका टोकापासून सोलत नेलं तर कधी कधी येतं. नंतर गोंद सुटत नाही, फोम फाटतो. मग सरळ नवीन पात्याने जोडावरच काप द्या, दोन्हीकडून मिलिमीटरभर फोम गेला तरी चालेल, आणि ताज्या कडांवर पुन्हा गोंद लावा. जुन्या गोंदाच्या थरावर नवीन थर चढवत बसू नका.

मोठे सपाट तुकडे एकमेकांवर चिकटवायचे असतील तर मध्ये बटर पेपर ठेवा. कडा जुळल्या की पेपर थोडा थोडा ओढत जा आणि मागोमाग दाबत या. वाळलेला गोंद बटर पेपरला धरत नाही.

तोंडाची पाटी फोमला कशी जोडायची? तीच नेहमी सुटते.

पाटी म्हणजे तोंडाच्या आतला, मधोमध दुमडणारा सपाट तुकडा. ती सुटते, कारण सगळा जोर तिथेच पडतो. चार बोटं वर, अंगठा खाली, आणि प्रत्येक शब्दाला एक हिसका. पाटीसाठी मी दोन मिलिमीटरचं गॅस्केटचं रबर किंवा दोन थरांचा जाड पुठ्ठा वापरते. मधली बिजागरी मजबूत कापडाची. पुठ्ठ्याची घडी ही बिजागरी नव्हे, ती तुटते.

रबर गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा आणि धूळ पुसा. पाटीच्या कडेला फोमच्या जाडीइतकी पट्टी पेन्सिलने आखा आणि गोंद तेवढ्यातच लावा. पुठ्ठाही पहिला हात पितो, त्यालाही दोन हात द्या. जोडताना आधी दोन्ही बिजागरीचे कोपरे, मग वरच्या ओठाचा मध्य, मग खालच्या ओठाचा मध्य, आणि शेवटी राहिलेलं. तोंडाचे कोपरे हा सगळ्यात नाजूक भाग. तिथे आतून सुती टेपचा छोटा तुकडा त्याच गोंदाने लावा. एवढी पाच मिनिटं दिलेल्या बाहुल्या अनेक प्रयोग झेलतात.

वर फ्लीस (मऊ, लवदार कापड) चिकटवायचं की शिवायचं?

शिवायचं, असं मी आग्रहाने सांगेन. कापडाचं आवरण वेगळं शिवून डोक्यावर चढवा आणि फक्त तोंडाच्या कडेला व मानेशी चिकटवा. सगळीकडे चिकटवलेलं फ्लीस फोमबरोबर सरकत नाही, गालावर ताण पडतो आणि भाव मरतो. हा गोंद पिवळा असतो. पांढऱ्या किंवा फिक्या फ्लीसमधून झिरपला तर डाग जात नाही. तिथे गोंद फोमला नेहमीसारखा, कापडाला मात्र अगदी पुसटसा लावा.

थर्माकोल आणि योगा मॅटसारखा फोम यांनाही हाच गोंद?

थर्माकोलला नाही. द्रावक थर्माकोल विरघळवतो, डोळ्यासाठी आणलेल्या गोळ्याला बघता बघता खड्डा पडतो. तिथे पांढरा फेव्हिकॉल आणि रात्रभर संयम. योगा मॅटसारख्या फोमला, म्हणजे क्राफ्टच्या दुकानात मिळणाऱ्या ईव्हीए शीटला, हा गोंद उत्तम धरतो. ती शीट पाणी पीत नाही, म्हणून पांढरा गोंद तिच्यावर मात्र आत ओलाच राहतो.

वासाने डोकं दुखतं. काळजी काय घ्यावी?

डोकं दुखलं म्हणजे वाफ आधीच जास्त झाली. ताबडतोब मोकळ्या हवेत जा. या गोंदांमध्ये बहुधा टोल्युइनसारखे द्रावक असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचते आणि सहज पेट घेते. टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटू शकते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीचाही तिला अडसर नाही. जमिनीवर बसून, दार लावून, शेजारी देवघरात समई तेवत असताना हे काम करणं खरोखर धोक्याचं आहे. गॅस, अगरबत्ती, सिगारेट सगळं दूर. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा किंवा गॅलरीत बसा.

एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. रोज काम करणाऱ्यांनी द्रावकाच्या वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा. गरोदर बायकांनी या गोंदापासून लांबच राहावं.

शाळेत मुलांकडून करून घ्यायचं असेल तर?

हा गोंद मुलांच्या हातात देऊ नका आणि वर्गात उघडाही ठेवू नका. हुंगण्याच्या व्यसनात हेच पदार्थ असतात, हे शिक्षकांनी विसरू नये. डोक्याचे जोड मोठ्यांनी आदल्या दिवशी बाहेर बसून करून ठेवावेत. आखणं, केस, कपडे, डोळे, स्वभाव ठरवणं ही कामं मुलांची. जोडणंही त्यांनीच करावं असं वाटत असेल तर फोम जाड सुई-दोऱ्याने कडेवरून टाके घालून छान जोडता येतो. टाके कडेपासून सेंटिमीटरभर आत घ्या आणि दोरा फार ओढू नका, नाहीतर फोम कापला जातो. पाण्यावर आधारलेले कॉन्टॅक्ट गोंदही मिळतात. त्यांना वास कमी आणि वाळायला वेळ जास्त.

हाताला लागला तर?

खोबरेल तेल चोळा, गोळ्या होऊन निघतो. थिनरने हात धुऊ नका. कपड्यावर लागला तर तो कपडा यापुढे याच कामाला ठेवा.

डब्यातला गोंद घट्ट झालाय.

थोडा जाडसर झाला असेल तर त्याच गोंदासाठी कंपनीने सुचवलेलं थिनर अगदी थोडं घालून ढवळा. हाताशी असलेलं रंगाचं कुठलंही थिनर ओतलं तर रबर फुटून गाठी होतात. जेलीसारखा झाला असेल तर टाकून द्या. मुळात छोटे डबे घ्या. वर्षाला दोन-तीन बाहुल्या करणाऱ्याला लिटरचा डबा लागत नाही.

चांगली केलेली बाहुली किती टिकते?

गोंदाआधी बहुतेक वेळा फोमच थकतो. पीयू फोम प्रकाशाने आणि हवेने पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, आणि शेवटी बोटाने दाबलं की भुगा होतो. ईथर आणि ईस्टर असे त्याचे दोन प्रकार असतात. ईस्टर फोम दमट हवेत लवकर खराब होतो, ईथर फोम दमटपणा सोसतो पण उजेडाला कमजोर असतो. किनारपट्टीवर राहत असाल तर दुकानदाराला ईथर फोम आहे का, हे विचारा.

बाहुली अंधाऱ्या, कोरड्या जागी, सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते. तोंडात जुन्या सुती कापडाचा गोळा ठेवा म्हणजे ओठ दबून राहत नाहीत. आणि नमुन्याचे कागद फेकू नका. फोम गेला तर डोळे, केस, कपडे काढून त्याच कागदांवरून नवं डोकं कापता येतं.